डोंगा पाण्यातच ठेवायचा

लाखनीहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तरीही लाकडी नावांचा विषय काढला की इथले धिवर तासभर बोलतात. भंडारा-गोंदियाचा हा पट्टा तलावांचा. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि मालगुजारी संपल्यावर १९५१ नंतर सरकारजमा झालेले हे तलाव. कागदावर ‘माजी मालगुजारी’, तोंडी नुसते ‘मामा तलाव’. त्यांवरची मासेमारी आणि शिंगाड्याची शेती धिवरांची, आणि नाव म्हणजे डोंगा. अखंड खोड कोरून केलेला, बिनजोडाचा.

उन्हाळ्याच्या तोंडी अशाच एका तलावावर गेलो होतो. डोंगा दाखवतो म्हणून एका म्हाताऱ्या धिवराने काठावर नेलं, पण डोंगा कुठे दिसेना. म्हातारा गुडघाभर पाण्यात उतरला, पायाने चाचपडला आणि हसला. गढूळ पाण्याखाली, पोटात दगड भरून, डोंगा मुद्दाम बुडवून ठेवला होता. त्याने आणि नातवाने दगड काढले, एक कड उचलून पाणी सांडलं. आतल्या अंगाला वासल्याचे घाव बोटाला लागत होते. एका भेगेत डांबर भरून वर टिनाची पट्टी खिळ्यांनी ठोकली होती.

“पान्यात रायला त रायते भाऊ, उन्हात ठेवला का तडकते,” म्हातारा म्हणाला.

म्हाताऱ्याच्या बोलण्याला दूरचा दाखला आहे. नेदरलँड्समध्ये पेसे गावाजवळ १९५५ साली महामार्गाचं काम चालू असताना पाइनच्या खोडातून कोरलेली एक होडी सापडली. सुमारे १० हजार वर्षांपूर्वीची ही होडी जगातली सर्वांत जुनी समजली जाते. ओल्या दलदलीत गाडलेली होती म्हणूनच ती टिकली. वर काढल्यावर ती गोठवून सुकवावी लागली, तेव्हा कुठे संग्रहालयात ठेवता आली. आपल्याकडे कुणा हौशी माणसाने डोंगा उचलून, रंग देऊन विश्रामगृहाच्या अंगणात मांडला, तर विदर्भाच्या उन्हात त्याचं सरपण व्हायला वेळ लागणार नाही.

समुद्राच्या नावांचं नशीब तुलनेने बरं. अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं जहाजाचं चित्र समोर ठेवून गोव्यात काथ्याने फळ्या शिवून ‘कौंडिण्य’ हे जहाज बांधलं गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये काम सुरू झालं, मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. पैसा संस्कृती मंत्रालयाचा. खरी मेख मात्र वेगळी आहे. बाबू शंकरन यांच्यासारखे फळ्या शिवणारे कारागीर केरळात अजून होते, म्हणून हे जमलं. (अजिंठाही समुद्रकाठी नाही, हे लाखनीकरांनी जरूर सांगावं.)

डोंगा कोरणारे हात इथे अजून सापडतील, पण त्यांना खोड कुठून मिळणार? लाखनीजवळच गडेगावला वनखात्याचं लाकूड आगार आहे. तिथल्या लिलावात बोली लावणं धिवराच्या आवाक्यातलं नाही, आणि जंगलातलं झाड तोडलं तर गुन्हा दाखल होतो. मग कुणी पत्र्याचा डोंगा करून घेतो, कुणी ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळं टाकतो. थर्माकोलवरून तोल गेला की माणूस थेट पाण्यात. त्याला प्रगती म्हणायला माझी तरी जीभ धजत नाही.

अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धिवरांना सोबत घेऊन तलावांतलं बेशरम हे तण उपटलं, देशी पाणवनस्पती लावल्या. त्या कामात नावेचा विषय कुठेच नव्हता. पण डोंग्याच्या कामाचं त्याहून अधिक कुणी केलेलं मला दिसलं नाही. म्हाताऱ्याला मी विचारलं, तुमचा डोंगा कुठे जपून ठेवायला द्याल का? त्याने उत्तर टाळलं आणि तलावाच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे गाळ इतका साचला आहे की होळीनंतर डोंगा तळाला टेकतो. मत्स्य संस्थेने गाळ काढण्यासाठी अर्ज केला आहे, म्हणाला, तुमची तिकडे ओळख असेल तर तेवढं बघा.