काळी तार

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागायचे, स्टार्टरपाशी मात्र नुसतं टक्. बॅटरी गेली, असं सगळेच म्हणत होते. मिस्त्रींनी मीटर लावला: १२.६ व्होल्ट. बॅटरी भरलेली होती. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून त्यांनी मला चावी फिरवायला सांगितली. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. आकडा ४ व्होल्टवर गेला. काळी तार बॉडीला जोडलेली असते तिथे गंज चढला होता. दिव्यांपुरता थोडा प्रवाह त्यातूनही जातो. स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, ते तिथेच अडतात.

लाल तारेने गेलेला प्रवाह काळ्या तारेने परतला नाही, तर काहीच घडत नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात आम्ही त्यांच्याशी किती बोलायचो, त्यांना धीर द्यायचो. त्यांच्याकडून परत येणारं आमच्यापर्यंत पोचत होतं का? अजून ठरवता येत नाही.

मिस्त्रींनी जागा पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. गाडी लगेच सुरू झाली. नवी बॅटरी घेण्याआधी काळ्या तारेची दोन्ही टोकं एकदा बघून घ्या.