उचललेल्या पिकअपचा वरचा सांधा

हायलक्स किंवा व्ही-क्रॉस दोन-तीन इंच उचलून घ्यायची हौस आता आपल्याकडे चांगलीच रुजली आहे. गिऱ्हाईक गॅरेजात येतं ते स्प्रिंग, शॉकअप आणि टायर ठरवूनच. वरच्या आर्मच्या टोकाला असलेल्या सांध्याबद्दल मात्र क्वचितच कोणी विचारतं. सस्पेन्शन हेच माझं रोजचं काम आहे, आणि उचललेली गाडी हायवेवर सरळ चालेल की नाही, घाटात भरवशाची राहील की नाही, यात या सांध्याचा वाटा फार मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे.

या दोन्ही गाड्यांना पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म. गाडीचं वजन कॉइल स्प्रिंगमधून खालच्या आर्मवर उतरतं. वरचा आर्म वजन पेलत नाही, तो नकलचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, डोकं जागच्या जागी धरतो. ब्रेक दाबला की ते डोकं पुढे जाऊ पाहतं, वळणावर आत-बाहेर ओढलं जातं. ही ओढाताण आर्मच्या टोकाचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट, सोसतो आणि त्याच वेळी चाकाला वर-खाली जाऊ देतो, वळूही देतो. खांद्याच्या सांध्यासारखंच हे काम: खोबणीत गोळा, भोवती वंगण आणि वरून आवरण.

गाडी उचलली की दोन्ही आर्म खाली झुकतात आणि सांध्याचा कोन वाढतो. कंपनीच्या सांध्याला फिरायला ठरावीकच जागा असते. दोन इंचांपर्यंत बहुतेक वेळा निभावतं, त्यापुढे नाही. स्ट्रटच्या डोक्यावर नुसता स्पेसर घालून उंची मिळवलेली असेल तर आणखी वाईट, कारण तेव्हा चाक पूर्वीपेक्षा खाली लटकतं. अशी गाडी चारही चाकं अधांतरी ठेवून उचलावी आणि बॅटरी मारून बघावं. रबरी बूट एका बाजूला ताणून पातळ झालेला असतो, दुसऱ्या बाजूला चुरगळलेला. बूट काढला तर खोबणीच्या काठावर पिनच्या मानेने घासून केलेली चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसते. खड्ड्यात चाक आपटून लटकलं की दर वेळी पोलाद पोलादावर आदळतंय, असा तिचा अर्थ. कधी आर्म कॉइललाही टेकलेला असतो. शिवाय कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, म्हणून एक्स्प्रेसवेवर स्टेअरिंग हलकं लागतं, गाडी भरकटते. वेगळे आर्म घ्यायचे ते या दोन्ही गोष्टींसाठी. चांगल्या आर्ममध्ये सांधा नव्या कोनाला साजेसा बसवलेला असतो आणि साधारण 2 ते 4 अंश जादा कॅस्टर मिळतो.

आता निवड येते ती युनिबॉल की सीलबंद बॉल जॉइंट, ही. युनिबॉल म्हणजे भोक असलेला पोलादी गोळा, बाहेरच्या कड्यात फिरणारा, बहुधा मध्ये टेफ्लॉनचं अस्तर. अशी बेअरिंग विमानांच्या जोडण्यांतून रेसच्या गाड्यांत आली आणि तिथून वाळवंटी ट्रकांत. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात 1967 पासून चालणारी बाहा शर्यत तिचं खरं घर. तिथे चाक फार लांबवर खाली-वर जातं, हवा कोरडी असते आणि शर्यत संपली की गाडी उघडून बेअरिंग बदलतात. कोन भरपूर मिळतो, बेअरिंग दाबून काढता येते, नवी घालता येते. उत्तम वस्तू आहे, यात शंका नाही.

पण ती उघडी असते. ताम्हिणीतला पाऊस, कोकणातला जांभ्याचा तांबडा चिखल, किनाऱ्यावरची खारट वाळू थेट अस्तरात शिरते. बारीक माती अस्तर खाते, गोळ्यावर गंज चढतो, आणि मग स्पीडब्रेकरवर हळू जाताना टक्-टक् असा आवाज सुरू होतो. आवाज आला की लोक स्प्रे किंवा ग्रीस मारतात. टेफ्लॉनच्या अस्तराला ते नकोच, कारण त्यावर धूळ चिकटते. साध्या पाण्याने धुवावं आणि कोरडं करावं.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. जी गाडी आठवडाभर ऑफिसला जाते, चार महिने पावसात उभी राहते आणि सुट्टीत डोंगरात शिरते, तिला जास्त कोनाचा, सीलबंद आणि ग्रीस निपल असलेला बॉल जॉइंटच घ्यावा. तो बोल्टने किंवा सर्क्लिपने आर्ममधून वेगळा निघणारा असावा, म्हणजे पुढे फक्त सांधा बदलता येईल. लांब ट्रॅव्हलचं पूर्ण रेसिंग सस्पेन्शन असेल आणि दर काही महिन्यांनी तपासायची तयारी असेल, तरच युनिबॉल. जाड पाइप, भडक रंग आणि फोटो बघून आर्म निवडू नका.

बसवताना दोन गोष्टी हटकून चुकतात. पिनचा निमुळता भाग आणि नकलचं भोक स्वच्छ, कोरडं हवं, नट टॉर्क रेंचनेच आवळायचा आणि स्प्लिट पिन नवी घालायची. आर्मच्या आतल्या बाजूला रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा कागदावर मागून घ्यावा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांना लागू होतं, तेव्हा उंची वाढवण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडे विचारा.

आर्म आधीच बसवलेले असतील तर या दिवाळीत लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एवढं करा: बूट फाटलाय का बघा, टॉमी लावून सांध्यात प्ले आहे का तपासा, आणि ग्रीस निपलवाला बॉल जॉइंट असेल तर पावसाळ्याचं पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरून घ्या.