लाइन क्लिअर

पावस, जि. रत्नागिरी

चि. भाचेबुवांस,

पत्र मिळालं, सोबतचा नकाशाही मिळाला. आठ बाय चारच्या प्लायवर दोन गोल मार्ग, मध्ये डोंगर, डोंगरावर देऊळ, एका कोपऱ्यात धबधबा, दुसऱ्यात बंदर आणि या सगळ्यातून पळणाऱ्या पाच गाड्या! बाबा रे, ही रेल्वे नव्हे, हा गणपतीपुढचा देखावा झाला. देखाव्याला माझी ना नाही, पण तो विसर्जनाबरोबर उतरवायचा असतो. तुम्हा चौघा मित्रांना हे काम वर्षानुवर्षं पुरवायचं आहे ना? मग गाडी गोल फिरवू नका. गोल फिरणाऱ्या गाडीला माणूस लागत नाही. एकदा बटण दाबलं की ती फिरत राहते आणि चौघं मोबाइल बघत बसतात.

आणखी एक अडचण. तुझी आतली गाडी वळसा घेऊन आपल्याच मार्गावर उलट तोंडाने परत येते. दोन रुळांमधून वीज खेळवतोस ना, मग त्या जागी डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतं. त्यावर उपाय आहेत, पण पहिल्याच मांडणीत हे दुखणं कशाला घेता?

मी सांगतो ते ऐक. एकच स्टेशन करा. एकेरी मार्गावरचं, एक मेन लाइन, एक लूप आणि दोन्ही टोकांना बोगदा. कोकण रेल्वेने ही सोय आपल्याला आयती करून ठेवली आहे. गावातल्या हौशी नाटकात पात्र विंगेत गेलं की प्रेक्षकांच्या लेखी ते दुसऱ्या गावी पोचतं, तसा हा बोगदा. गाडी आत शिरली की मागे लपवलेल्या तीन-चार रुळांवर उभी करायची आणि वेळ झाली की दुसरी बाहेर काढायची. बघणाऱ्याला वाटतं, मुंबईहून आली, मडगावला चालली.

आम्हा मित्रांचं माळ्यावर असंच स्टेशन आहे, नाव 'पावस रोड'. खऱ्या मार्गावर संगमेश्वर रोड आहे, राजापूर रोड आहे. गाव कुठे नि स्टेशन कुठे, म्हणून तो 'रोड'. पावसला रेल्वे नाहीच. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला येणारा भाविक रत्नागिरीला उतरतो आणि एसटीने भाट्याच्या खाडीवरून इकडे येतो. तेव्हा आमचं स्टेशन मुळात खोटं आहे. पण खोटं असलं तरी नियमाने चालतं.

तू पुण्यात आहेस, म्हणून कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय पुन्हा एकदा बघून ये. भाऊ जोशींनी उभं केलेलं ते शहर १९९८पासून लोकांना खुलं आहे. योगायोग असा की त्याच वर्षी २६ जानेवारीला आपला रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सगळा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. लहानपणी तू तिथे गाड्या बघितल्यास, आता गाड्या थांबतात कुठे आणि कोणामुळे ते बघ. तिथलं प्रमाण एचओ, म्हणजे खऱ्याच्या १/८७. तुम्हीही तेच घ्या, याच मापाचं सामान सगळ्यात जास्त मिळतं.

पण माप घेतलं की हिशेब करावा लागतो आणि हिशेब केला की डोळे उघडतात. रत्नागिरीजवळचा पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच. १/८७ केला तरी ७४ सेंटीमीटर, म्हणजे टेबलाचीच उंची! करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर, तो होतो ७५ मीटर. कोकण रेल्वेचं सगळ्यात तीव्र वळण साडेबाराशे मीटर त्रिज्येचं; मापात ते चौदा मीटरांच्या वर जातं. आपल्या पडवीतून निघालेली गाडी गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या कलमांत वळायची. चढ १५०ला १, तुझ्या आठ फुटी फळीवर जेमतेम दीड सेंटीमीटर. एलएचबीचा एक डबा २७ सेंटीमीटर; बावीस डब्यांची गाडी मांडलीस तर स्टेशन घराबाहेर. म्हणून आमची मांडवी एक्स्प्रेस पाच डब्यांची आहे आणि कोणी तक्रार केलेली नाही. काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं, यातच या छंदाचा सगळा कस आहे.

रुंदीवरून मात्र आमच्यात कायमचं भांडण आहे. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी. आपला ब्रॉडगेज १६७६चा, त्याला १९ मिलिमीटरच्या थोडं वर हवं. म्हणजे आपलं इंजिन पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभं राहतं. शुद्धतेचा आग्रह धरणारा एक मित्र तुमच्यातही निघेल. त्याला सांग, बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज कर. ती १/८७ मापात नऊ मिलिमीटरच्या बाजारी रुळावर जवळजवळ तंतोतंत बसते. तो त्या कामाला लागला की बाकीचे तिघं सुटतील.

मित्रांचंच बोलायचं तर कामं स्वभावाप्रमाणे वाटा, समान वाटू नका. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली रेल्वे मॉडेलचा क्लब काढला. काही जण डबे रंगवत, झाडं लावत. काही टेबलाखाली शिरून टेलिफोनचे जुने रिले जोडत बसत. त्या टेबलाखालच्या मंडळींतूनच संगणकाचे पहिले हॅकर निघाले. आमच्यात तसा एक वायरमन आहे. तो वर काय चाललंय ते बघतही नाही. दुसरा गणपतीच्या शाळेत मूर्तींची आखणी करतो. त्याच्या हाताने केलेला जांभ्याचा कडा बघून आमच्या ओळखीचा एक चिरेखाणवाला म्हणाला, "हा दगड कुठल्या खाणीतला?" त्यात काही नाही, जांभ्याची वस्त्रगाळ केलेली भुकटी, पातळ फेव्हिकॉल आणि गडग्यावरचं वाळवलेलं शेवाळ. विकतची विलायती झाडं आणू नकोस, आपल्या लाल मातीवर ती परकी दिसतात.

तिसरा रेल्वेतला निवृत्त पॉइंट्समन. खरं स्टेशन त्याच्यामुळे झालं. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनाची परवानगी, घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही. म्हणून एक जण 'रत्नागिरी' होऊन डाव्या बोगद्यामागे, दुसरा 'निवसर' होऊन उजवीकडे, मी मध्ये स्टेशन मास्तर. वायरमनने दारावरच्या घंट्या बसवून दिल्या. निवसरने घंटा दिली, मी उत्तर दिलं, पॅसेंजर लूपला घेतली, आता मांडवी यायची. तोवर पॅसेंजर थांबणार! दिवा पॅसेंजरने गावी येणाऱ्या कोणाही माणसाला हे वेगळं सांगायला नको. रोहा ते वीर एवढा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला, पण आपल्याकडे मार्ग एकेरीच, म्हणून समोरच्या गाडीसाठी थांबायचं क्रॉसिंग आहेच. प्रवासात ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो, तेच क्रॉसिंग माळ्यावर सगळ्यात रंगतं, कारण पलीकडच्याने घंटा दिल्याशिवाय मला काहीच करता येत नाही. दुहेरी मार्ग केला असता तर आम्ही एव्हाना पांगलो असतो. मालगाडी हवीच असेल तर रो-रो करा, सपाट वाघिणी नि वर खेळण्यातले ट्रक. पोरं खूश होतात, खर्चही नाही.

हवेचं तेवढं सांगून ठेवतो. इकडे माणसं मोकळी असतात ती पावसाळ्यात, तेव्हा नेमकी हवा दमट. प्लाय फुगतो, पुठ्ठ्याला बुरशी धरते, रूळ काळवंडतात. म्हणून श्रावणापर्यंत आम्ही फक्त वायरिंग करतो. रंग आणि गोंद दसऱ्यानंतर. थंडीत मोहोराची फवारणी, चैत्र-वैशाखात आंबा. तेव्हा माळ्यावर कोणी फिरकत नाही. पुण्यात तुम्हाला हे नाही, तरी मरीन प्लायच घ्या, रुळांच्या सांध्यात बारीक फट ठेवा आणि वाळवीवर नजर असू द्या.

तर प्लाय आणायच्या आधी चौघं एकदा बसा आणि एका संध्याकाळचं वेळापत्रक लिहा : कोणती गाडी किती वाजता, लूपला कोण थांबणार, घंटा कोण देणार. ते मला पाठव, रूळ किती लागतील ते मी सांगतो. आणि दसऱ्यानंतर चौघांनी इकडे या. आमचा निवसरवाला महिनाभर मुलाकडे मुंबईला चाललाय, ते टोक कोणाला तरी सांभाळावं लागेल.

तुझा,
मामा