तार कोणती घ्यावी?

वाचकहो, आमच्या दिल्लीतील गच्चीवरून मागच्या अंगणातील कडुनिंबाकडे गेलेली एक तार पाहून नवखा पाहुणा हमखास विचारतो, "कपडे वाळत घालायला इतकी उंच दोरी कशाला?" ती दोरी नव्हे, ती माझी आकाशक, म्हणजेच अँटेना आहे. दिवसभर कार्यालयात इतरांचे लेख मराठीत आणावयाचे आणि रात्री परवानाधारक हौशी रेडिओचालक या नात्याने नागपूर, कोची वा गुवाहाटी येथील कोणा अनोळखी माणसाशी बोलावयाचे, असा माझा परिपाठ आहे.

या छंदाच्या आरंभी माझी समजूत अशी होती, की जी तार वीज उत्तम वाहून नेते तीच आकाशकासाठीही उत्तम. चांदी वगळल्यास तांब्यासारखा वीजवाहक नाही. म्हणून भागीरथ पॅलेसच्या बाजारातून घरातील दिव्यांच्या जोडणीसाठी वापरतात ती मऊ तांब्याची तार मी आणली. लांबीचे गणित सोपे असते. १४३ या संख्येला मेगाहर्ट्‌झने भागले, की अर्धतरंगी आकाशकाची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी ती सुमारे २० मीटर येते. तेवढी तार मी गल्लीपलीकडच्या इमारतीपर्यंत मोठ्या अभिमानाने ताणून बांधली.

मऊ तांबे मात्र वाऱ्याच्या ओढीने हळूहळू लांबत जाते. तार अवघी ३० सेंटिमीटर वाढली, तरी ७.१ वर जुळविलेली आकाशक ७.० च्या आसपास जाऊन बसते. मी दर महिन्याला वाढलेला भाग कापून ती पुन्हा घट्ट करीत असे. ताणलेली तार बारीक होते, हे सोनाराच्या घरातील मूलही सांगेल. मला पदवीधर असून ते सुचले नाही. पुढे मे महिन्यात एके संध्याकाळी धुळीचे वादळ आले आणि तार गाठीपाशी तुटली. तिचे टोक गल्लीतील विजेच्या तारांपासून जेमतेम दोन हातांवर लोंबत राहिले. खाली मुले खेळत होती. शेजारच्या वृद्ध माताजींनी हाका मारून त्यांना घरात घेतले, म्हणूनच केवळ त्या दिवसाचा उल्लेख आज मी शांतपणे करू शकतो. माताजी मला रागावल्या नाहीत. "बेटा, अब मत बाँधना," एवढेच म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढील काही महिने मी तार बांधली नाही. मात्र वाचन केले. तेव्हा उमगले, की ७ मेगाहर्ट्‌झचा प्रवाह तारेच्या गाभ्यात फारसा शिरतच नाही. तो मुख्यतः पृष्ठभागालगतच्या सुमारे ०.०२५ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे कागदाहूनही पातळ अशा थरातून वाहतो. अर्थात तांबे हवे ते वरच्या त्वचेपुरते. आतील गाभ्याचे काम केवळ भार पेलण्याचे. पोलादावर तांब्याचा थर चढविलेली तार याच तत्त्वावर बनते. ती हाताळावयास हट्टी असते, वेटोळे सोडत नाही, आणि थराला चरा पडल्यास आतून गंजते. परंतु ती लांबत नाही. ती न मिळाल्यास कडक ओढीचे तांबे घ्यावे. ॲल्युमिनियम हलके खरे, पण त्याला डाख देणे कठीण, आणि तांब्याशी जोडल्यास पावसात सांधा कुजतो. नुसते ऐकण्यापुरती आकाशक हवी असेल, तर एवढा खटाटोप नको. तेथे साधी प्लॅस्टिकवेष्टित तारही पुरते.

वाऱ्याशी हा झगडा थोरांनाही चुकला नाही. १९०१ सालच्या सप्टेंबरात मार्कोनी यांचे इंग्लंडमधील पोल्धू येथील खांब वादळाने पाडले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला बांधून त्यांनी सुमारे ५०० फूट तार आकाशात चढविली, तीही आधीचा एक फुगा व एक पतंग वाऱ्याने नेल्यानंतर!

मग मी माताजींच्या घरी जाऊन नवी योजना समजावून सांगितली आणि त्यांची अनुमती घेतली. नवी तार मागच्या बाजूस बांधली. तेथे ती कशीही पडली तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचत नाही. झाडाकडील टोक कप्पीवरून नेऊन त्याला वजन टांगले आहे. झाड हलले की वजन वरखाली होते व तारेवर झटका येत नाही. विजा चमकण्यापूर्वीच तारेची जोडणी यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवतो.

वाचकहो, दुकानात गेल्यावर तार किती वीज वाहते हे अवश्य विचारा. परंतु त्याआधी ती किती वारा सोसते हे विचारा. दर वर्षी एप्रिलअखेर मी तार खाली उतरवून प्रत्येक गाठ बोटांनी चाचपून पाहतो. माताजी आपल्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या असतात. तार पुन्हा वर चढली, की मगच त्या नातवंडांना अंगणात सोडतात.