तिसरी जोडी

"भाऊ, पुन्हा गेला जी." बास गिटारचा तोच ॲम्प तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला. एप्रिल संपत आला होता. १४ एप्रिलच्या आगेमागे नागपुरात भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रांना उसंत नसते. ॲम्प आणणाऱ्या पोराच्या तारखा लागलेल्या.

दोन्ही वेळा आउटपुटची ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरची जोडी शॉर्ट सापडली होती. नवी बसवली, सिरीज बल्बवर पाहिलं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, म्हणजे शॉर्ट नाही. (तो शंभर वॅटचा तारेचा बल्ब मी जिवापाड जपतो. एलईडी या कामाचा नाही.) पहिल्यांदा दोष स्पीकरच्या वायरला दिला, दुसऱ्यांदा मालाला. या जोडीचा डुप्लिकेट माल इतका फिरतो, की मेकॅनिकला सबब आयतीच मिळते. उडालेला पार्ट बहुधा बळी असतो, गुन्हेगार वेगळाच, असं शिकाऊ पोरांना मीच सांगतो. स्वतः मात्र दोनदा बळी बदलून मोकळा झालो.

या खेपेला आधी विचारलं, "उडतो केव्हा?"

"तासाभरानं. तोवर मस्त वाजते. मागच्या वेळी टिनाच्या शेडखाली होतो न."

आणि मी तपासत होतो कूलरसमोर बसून!

तिसरी जोडी बसवली आणि कूलर बंद केला. एमिटरच्या ०.३३ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावला: १० मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर. ठीक. मग हीटसिंकवर हेअर ड्रायर धरला. १५, २४, ४०. ड्रायर काढला तरी आकडा चढतच होता. झटकन स्विच बंद केला.

ट्रान्झिस्टर तापला, की प्रत्येक अंशामागे त्याला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी पुरतात. बायस तेवढाच राहिला तर तो जास्त करंट ओढतो, त्यानं आणखी तापतो. हे आवरायला बायसचा एक छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटून असतो. त्याला आच लागली, की तो मोठ्यांचा बायस उतरवतो. इथं तो हवेत उभा होता. पहिल्या दुरुस्तीत हात जाईना म्हणून मीच त्याला बाजूला वाकवलं होतं.

पेस्ट लावून तो हीटसिंकला कसला. पुन्हा ड्रायर. आकडा १३ वर गेला, रेंगाळला, परत १० वर आला.

आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांचे पैसे पोराला परत दिले, कशाचे तेही सांगितलं. ॲम्प पुढे मे महिनाभर वाजला.