शॉकअप कोणाच्या पाठीसाठी?

पुण्यात आपण ज्याला शॉकअप म्हणतो त्याला दिल्लीत शॉकर म्हणतात. नाव काहीही असो, आमच्या गाडीचे चारही संपले होते. सात सीटची डिझेल एसयूव्ही, लॅडर फ्रेमवरची, 2019 मध्ये घेतलेली. पठाणकोट, हिमाचल, पुणे आणि आता दिल्ली कॅन्ट, अशा माझ्या बदल्यांबरोबर तिच्याही बदल्या झाल्या. 92 हजार किलोमीटरनंतर शॉकअप थकले तर त्यात तक्रार कसली? चाळिशीत माणसाचेही गुडघे बोलू लागतात.

लक्षणं सरळ होती. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडीने एकदा खाली बसून स्थिर व्हायला हवं. आमची तीनदा मान डोलवायची. हायवेवर लेन बदलली की मागचा भाग जरा उशिराने यायचा. मागच्या डाव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ होता आणि टायरवर हात फिरवला की खळगे लागत होते. आमच्या युनिटमधल्या ईएमईच्या हवालदारांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "साहब, शॉकर तो गया. पर पहले हवा देखो." हवा खरोखरच दारावरच्या स्टिकरपेक्षा 5 पीएसआय जास्त निघाली. ती कमी केल्यावर निम्मा खडखडाट गेला. डोलणं मात्र राहिलं.

एरवी मी मूळचेच शॉकअप आणून बसवले असते आणि विषय संपवला असता. यावेळी तसं नव्हतं. माझ्या फील्ड पोस्टिंगची ऑर्डर आली आहे. मी जाणार, घरचे इथेच एसएफ क्वार्टरमध्ये राहणार. गाडी बायको चालवणार: रोज एनएच 48 वरून गुरुग्रामचं ऑफिस, आणि महिन्यातून दोनदा आईला घेऊन आर्मी हॉस्पिटल, म्हणजे आमचं आर अँड आर. गेल्या पावसाळ्यात आईच्या कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. म्हणजे एकीला ट्रक आणि टॅक्सींच्या मधून ताशी 80 ने नीट वळणारी गाडी हवी, दुसरीला गचके न देणारी. गाडी एकच.

इथे थोडं तंत्र सांगावं लागेल. गाडीचं वजन पेलतात स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही. दाबलेली स्प्रिंग उसळते, आणि ती उसळी जिरवणं हे शॉकअपचं काम. आतला पिस्टन बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून तेल ढकलतो आणि हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून शॉकअपच्या नळीजवळ हात न्या, ऊब जाणवेल.

म्हणूनच "कडक शॉकअप टाकले की गाडी वळणावर झुकत नाही" हे अर्धवट खरं आहे. लांबलचक वळणावर गाडी शेवटी किती झुकणार ते स्प्रिंग आणि अँटी-रोल बार ठरवतात. शॉकअप ठरवतो ती किती वेगाने झुकेल आणि किती लवकर सावरेल. अचानक कुत्रं आडवं आलं, स्टिअरिंग डावीकडे आणि लगेच उजवीकडे फिरवावं लागलं, तर जीव वाचतो तो या सावरण्यावर.

दुसरी गोष्ट वेगाची, गाडीच्या नव्हे तर पिस्टनच्या. वळताना, ब्रेक लावताना गाडीची बॉडी सावकाश हलते, तेव्हा पिस्टनही सावकाश चालतो. खड्ड्याची धार किंवा फ्लायओव्हरचा सांधा आला की तोच पिस्टन झटक्यात पळतो. चांगला शॉकअप सावकाश हालचालीला घट्ट धरतो आणि झटक्याला वाट देतो. आराम आणि पकड यांचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाही. सरसकट सगळंच कडक केलं की ते पेटतं.

कश्मिरी गेटच्या बाजारात गेलो. ज्याला गाडीच्या पार्टची आवड आहे त्याने तिथे पाकीट घरी ठेवून जावं. 1961 मध्ये मुलुंडला सुरू झालेल्या गॅब्रिएलपासून जर्मनीच्या बिल्स्टाइनपर्यंत सगळी नावं एका गल्लीत. माझ्यासमोर मुख्य पर्याय दोन होते. एक ट्विन-ट्यूब: नळीत नळी, तेल खालच्या व्हॉल्व्हमधून बाहेरच्या नळीत जातं. मऊ आणि स्वस्त. पण सतत खडबडीत रस्ता असेल तर तेलात फेस होऊन तो ढिला पडतो. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेला असेल तर हा त्रास कमी. दुसरा मोनोट्यूब: एकच नळी, तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. तेल बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने लवकर थंड होतं, लडाखच्या कच्च्या ट्रॅकवर दिवसभर टिकतं. माझ्या गाडीसाठी त्याची किंमत अडीचपट.

खरं सांगतो, माझं मन मोनोट्यूबवर होतं. आमची पिढी जिप्सीत घडली. पुढे-मागे दोन्हीकडे पाटे, रिकामी असली की बेडकासारखी उड्या मारणारी, आणि चार जवान व सामान भरलं की शहाण्यासारखी चालणारी. त्यातला धडा मात्र कडकपणाचा नाही, वजनाचा आहे. गाडी रोज ज्या वजनाने चालणार त्या वजनासाठी सस्पेन्शन निवडायचं. आमच्या गाडीत रोज एक माणूस, कधी तीन. छतावर सामान नाही, मागे टोइंग नाही.

तरी निर्णय कागदावर घ्यायचा नव्हता. एनडीएतला एक कोर्समेट गुरुग्रामला राहतो. त्याच्याकडे हीच गाडी, कडक मोनोट्यूब लावलेली. रविवारी ती मागून घेतली. बायकोने चालवली, आई मधल्या रांगेत, मी मुद्दाम तिसऱ्या रांगेत. द्वारका एक्सप्रेसवेवर गाडी रुळावरून जावी तशी गेली. बायको म्हणाली, "मला हीच हवी." मग सेक्टरच्या आतले रस्ते आले. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीत स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, ताशी 25 ने ओलांडता येईल असा. सोसायट्यांच्या गेटासमोर असतात ते वीतभर रुंदीचे उभे बांध. आई काही बोलली नाही. दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसली. घरी आल्यावर म्हणाली, "गाडी छान आहे रे. फक्त रस्त्याचा प्रत्येक सांधा मोजता येतो."

त्यावर बायकोनेच निकाल दिला. "मी हळू वळेन. आईंना हळू बसता येत नाही."

पैशाचा हिशेबही त्याच बाजूला होता. राजधानी परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केली. पुढे त्या नियमाला वळणं येत गेली, पण इथला माणूस डिझेल गाडीचं आयुष्य दहा वर्षं धरूनच खर्च करतो. एवढ्या वयाच्या गाडीला अडीचपट महाग शॉकअप कशाला?

शेवटी घेतले ते मूळ लांबीचे, गॅस भरलेले ट्विन-ट्यूब, उसळी रोखण्यात मूळपेक्षा किंचित घट्ट आणि दबताना तेवढेच मऊ. वाचलेल्या पैशांत चारही टोकांचे बुश, टॉप माउंट, बंप स्टॉप नवे घातले. हे जुने ठेवून नवे शॉकअप बसवणं म्हणजे फाटक्या बुटात नवे मोजे. ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी निदान एका ॲक्सलची जोडी एकदम बदलावी. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळून घ्यावेत, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. नंतर व्हील अलाइनमेंट. टायरचा साइज मूळचाच ठेवला. मोठी अलॉय व्हील लावून टायरची भिंत बारीक केली की शॉकअपने कमावलेला आराम टायर घालवतो.

बसवल्यावर कॅन्टमधल्या रिकाम्या रस्त्यावर बायकोने ताशी 60 ने तीनदा झटकन लेन बदलली, दोनदा जोरात ब्रेक लावला. गाडी झुकली, पण एका दमात सावरली. परवा आर अँड आरहून येताना धौला कुआंच्या आसपास आईला झोप लागली.

10 हजार किलोमीटरनंतर ओघळ आहे का, बुश ढिले आहेत का, हे बघायचं आहे. तेव्हा मी इथे नसेन. बायकोने ते तिच्या डायरीत लिहून घेतलंय, आणि त्याखाली हवालदारसाहेबांचा फोन नंबर.