लाटणारा कोण, भाजणारा कोण?

पोळी भाजणारा कितीही चपळ असला, तरी शेजारचा लाटणारा संथ असेल तर तवा रिकामाच तापत राहतो. कॉम्प्युटरवर गेम चालतो तो साधारण असाच. पुढच्या फ्रेममध्ये कोण कुठे उभा, गोळी कोणाला लागली, हे प्रोसेसर ठरवतो. हे झालं लाटणं. त्याचं चित्र रंगवतं ग्राफिक्स कार्ड. हे भाजणं. ताटात किती पोळ्या पडणार, ते दोघांतला संथ ठरवतो.

गणित साधं आहे, पण अपग्रेडची वेळ आली की जो तो नवा तवाच आणायला निघतो :)

माझ्या मावसभावाचंच घ्या. इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून वर्षभर साठवलेले वीस हजार. पुढचे वीस कधी जमतील ते देव जाणे, आणि "परत त्या डब्यात पैसे?" हा मावशीचा प्रश्न तयारच. मशीन असं: रायझन ३ १२००, आठ जीबी रॅमची एकच कांडी, जीटीएक्स १६६० सुपर, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. खेळतो काउंटर-स्ट्राइक २. ऐन चकमकीत गेम अडखळतो, ही तक्रार. सगळे पैसे कार्डात घालायचे, हा बेत.

आता, प्रोफायलर न लावता कोड 'ऑप्टिमाइझ' करणाऱ्याला ऑफिसात आपण हसतो की नाही? मग इथेही आधी मोजायला हवं. चाचणी फुकट आहे. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. कार्डाला रंगवायचे पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. फ्रेम्स वाढल्या तर कार्ड अडवत होतं. नाही वाढल्या तर लाटणाऱ्याकडे बघा. त्याच्या फ्रेम्स होत्या तिथेच राहिल्या. (टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर जाऊ नका. एकच कोअर पूर्ण दमलेला असला तरी एकूण आकडा कमी दिसू शकतो.)

नशिबाने त्याचा मदरबोर्ड बी४५० निघाला. बायॉस अपडेट केलं की त्याच सॉकेटमध्ये रायझन ५ ५६०० बसतो: चाराऐवजी सहा कोअर, चाराऐवजी बारा थ्रेड. फक्त बायॉसचं काम जुना प्रोसेसर असतानाच उरकायचं. दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचे, म्हणजे एसएमपीएसला हात लावायची गरज नाही. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले, म्हणून तशीच दुसरी कांडी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणली. दोन कांड्या झाल्या की ड्युअल चॅनेल चालू होतं, प्रोसेसरला डेटा आणायला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. अडखळणं जवळजवळ थांबलं, आणि पैसे उरले ते वेगळेच.

हाच भाऊ सायबरपंक २०७७ खेळत असता तर सल्ला बहुधा उलटा दिला असता. तिथे भाजणाऱ्याचा घाम निघतो. आणि मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल तर सेकंदाला साठच्या वरच्या फ्रेम्स डोळ्यांपर्यंत पोचतच नाहीत. मग आधी मॉनिटरचा विचार करा.

तर मंडळी, दुकानात जायच्या आधी घरी दहा मिनिटं काढा. दुकानदार कार्डच दाखवणार. त्याचा दोष नाही, तुमचा गेम अडखळताना त्याने पाहिलेला नसतो.